गोदूच्या डोक्यावरचं पाणी

ईस्टरच्या आदल्या संध्याकाळी मुरबाडच्या कॅथलिक मिशनात देवजी मास्तरांनी पितळी घंगाळ घासूनपुसून लख्ख केलं, आणि राही हातातलं काम टाकून ते पाहत राहिली. उद्या त्यातल्या पाण्याने तिचा बाप्तिस्मा व्हायचा होता. दुसरा.

पहिला लहानपणी टोकावड्याला झालेला, दुसऱ्या, म्हणजे प्रोटेस्टंट मिशनात. तिचा भाऊ गणू तिथला उपदेशक. नवरा वारला, पाठोपाठ तान्ही लेक गोदू गेली, तेव्हा राही मुरबाडला येऊन फादरांच्या शाळेतल्या पोरांचं जेवण रांधू लागली. इथली मिस्सेची उपासना, मारियामातेची तसबीर, यांत तिचा जीव रमला. कॅथलिक व्हायचं तिचं तिनेच ठरवलं, कुणी गळ घातली नव्हती. गणूने मात्र बोलणं टाकलं.

देवजी मास्तर धर्म शिकवायचे, पण स्वतः नुकतेच ख्रिस्ती झालेले. जातीत परत घेताना माणसाला आंघोळ घालून शुद्ध करतात, हे त्यांनी गावात पाहिलेलं. तेच त्यांनी इथे लावलं. "तिकडचं पानी कामाचं नाय गो," ते म्हणाले. "पयलं समदं धुवून काढायचं."

स्वतःचं काय ते होवो, पण तिकडचं पाणी खोटं तर गोदूचंही खोटं. मग बाप्तिस्म्याविना ती पोर गेली कुठे? या एका विचाराने राहीची झोप उडाली होती. त्यात एक गोष्ट तिने गणूलाही सांगितली नव्हती.

फादर मूळचे वसईकडचे, ईस्टरच्या विधीसाठी कल्याणहून आलेले. ओसरीवर बसून त्यांनी विचारलं, "राहीबाई, तयारी झाली?"

"मला दुसरा बाप्तिस्मा नको, फादर."

मास्तरांचा चेहरा पडला. फादरांनी कारण विचारलं, तेव्हा राही खांबाला धरून बोलली. गोदू तापाने फणफणली होती. बैलगाडीतून दवाखान्यात नेताना वाटेतच पोरीने डोळे फिरवले. बाप्तिस्मा देणारा गणू बाहेरगावी. राहीने स्वतःच ओंजळभर पाणी तिच्या डोक्यावर ओतलं, तिचं नाव घेतलं, पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने म्हटलं. "समद्यांना सांगितलं, हिरीचं पानी व्हतं. हिरीचं नव्हतं. म्हशी लोळतात त्या डबक्याचं व्हतं."

"डबक्याचं? आनि बाईच्या हातचं?" मास्तर म्हणाले.

फादर मास्तरांकडे वळले. राहीला वाटलं, संपलं सगळं.

"मास्तर, तुमचा हट्ट जुना आहे," ते म्हणाले. "तिसऱ्या शतकात आफ्रिकेतले बिशप हेच म्हणत होते. चर्चमधून फुटून गेलेल्यांकडून कुणी आला, की पुन्हा पाणी घाला. त्यांच्या पुढाऱ्याने श्रद्धेपायी मान कापून घेतली, आपण त्याला संत म्हणतो. तरी या बाबतीत तो चुकला. रोमच्या पोपने पुन्हा पाणी घालू दिलं नाही. बाप्तिस्मा ओतणाऱ्याचा नसतो, ख्रिस्ताचा असतो. म्हणून तो एकदाच. राहीबाई, टोकावड्यालाही पाणी ओतून याच तीन नावांनी देतात, ते मला ठाऊक आहे. तुमचा खरा आणि गोदूचाही खरा."

"आनि डबकं?"

"पाणी होतं ना? मग झालं."

 गोदू गेल्यावर राही रडली नव्हती, आता रडली. मग डोळे पुसून म्हणाली, "तिच्या मातीवर येऊन प्रार्थना करा, फादर."

फादर चपापले. दुसऱ्या मिशनच्या कबरस्तानात त्यांना विधी करता येत नव्हता, आणि तसं त्यांनी सांगितलंही.

"पानी एक म्हनता," राही म्हणाली, "मग माती दोन कशी?"

पुढच्या आठवड्यात फादर राहीबरोबर टोकावड्याला गेले, अंगावर विधीचे कपडे न घालता. कबरस्तानाच्या फाटकाशी गणू आडवा उभा होता. राहीने त्याला डबक्याची गोष्ट सांगितली. त्याने मान खाली घातली आणि वाट दिली.

तिघांनी मिळून "आमच्या स्वर्गातील पित्या" म्हटलं. शब्द जरा इकडेतिकडे होत होते, तरी तिघे एकत्र चालले. 'आम्हांला वाइटापासून सोडव' इथे फादर थांबले, कारण त्यांची प्रार्थना तिथेच संपते. गणूची पुढे एक ओळ आहे, राज्याची आणि गौरवाची. फादर थांबलेले पाहून तोही अडखळला आणि गप्प झाला.

ती ओळ राहीने एकटीने म्हटली, शेवटच्या आमेनपर्यंत.