अजून थोडं मागे

बॅग भरताना मोठी लेन्स हातात आली. रिंग फिरवली तशी करकरली. तोरणमाळच्या घाटाची धूळ अजून तिच्यात आहे.

त्या दिवशी आबा, म्हणजे माझे वडील, मोटारसायकलला किक मारत म्हणाले होते, "घाट चढाना शे, एकच ले." मला पलीकडचे कडे टिपायचे होते, म्हणून ही लांबची लेन्स घेतली आणि छोटी घरी ठेवली. वर पोचल्यावर आबांनी टोपी नीट केली. "मन्हा बी एक काढ."

पण या लेन्समध्ये जवळचा माणूस पुरा येतच नाही.

"आबा, मांगे जाय. आखो मांगे."

माझ्याकडे तोंड ठेवून, वाळल्या गवतातून उलटी पावलं टाकत ते सरकत गेले. मध्येच थांबून, आता तरी फोटोत मावतो का म्हणून हाक मारायचे, "मावस का मी आते?"

फोटो सुरेख आला. आता त्याला हार आहे. येणारा जाणारा म्हणतो, आबा किती छान आलेत! मला मात्र त्यात माझ्याच सांगण्यावरून लांब गेलेला माणूस दिसतो.

हल्ली कुठेही जाताना मी छोटीच लेन्स घेतो. तिच्यात अगदी शेजारी उभा असलेला माणूसही मावतो.