आलं! (चहातलं नव्हे)

काल सिडकोतल्या काउन्सेलर मॅडमकडे चौथी चक्कर झाली. कारण तेच... माझं स्वप्न.

या उन्हाळ्यात आमच्या बीड बायपासच्या सोसायटीत टँकर सुरू झाले आणि लहानपणीचं ते स्वप्न परत पडायला लागलं. मी पलंगावर पडलेय, बाहेर बाया ओरडतायत, "आलं, आलं!"... आणि माझे पाय हलत नाहीत. मग मी किंचाळून उठते. सहा वर्षांची लेक इतकी घाबरली की उशी उचलून आजीजवळ, म्हणजे माझ्या आईजवळ, झोपायला गेली. ते मात्र मनाला लई लागलं.

मला वाटायचं, भूतबित काहीतरी येतंय. मॅडमना म्हटलं, अर्थ सांगून टाका एकदाचा. त्या म्हणाल्या, "मी नाही सांगणार. तुम्हाला ऐकू येतात तेच शब्द सांगा."

सांगितले. त्या म्हणाल्या, "'आला' नाही, 'आली' नाही... 'आलं'. काय आलं?"

तोंडातून पटकन निघालं, "पाणी!"

आणि तिथंच रडू फुटलं...

दुष्काळाचं वर्ष होतं, मी दहा वर्षांची. नळाला आठ-आठ दिवसांनी पाणी यायचं, तेही कधी येईल याचा नेम नाही. आई वाळूजला कंपनीत, त्यामुळं ड्रम भरायचं काम माझं. त्या दुपारी गल्लीभर ओरडा झाला आणि मी पडून राहिले. संध्याकाळी आईनं कोरडे ड्रम बघितले, एक शब्द बोलली नाही, हंडा घेऊन टँकरच्या रांगेत गेली. आठवडाभर रोज ड्युटीवरून आली की रांग. तिचं ते न बोलणं मला आजवर टोचत होतं.

घरी आले तर आई मेथी निवडत बसलेली. म्हटलं, "आई, त्या वेळी माझ्यामुळं तुझे हाल झाले गं."

"येडी का काय तू?" आई म्हणाली. "तापानं फणफणली होतीस. मीच शेजारच्या जिजीला सांगून गेले होते, पाणी आलं तर येऊ दे, पोरीला उठवू नका."

घ्या! कोरडे ड्रम पक्के लक्षात राहिले, ताप साफ विसरले. स्वप्नात पाय का हलत नव्हते, ते आत्ता कळलं.

लेक सगळं ऐकत होती. ती उठली, आजीच्या पलंगावरची उशी माझ्या पलंगावर आणून टाकली. मॅडम, थँक्यू... आणि आई, तुला तर काय म्हणू.