किसनराव येतात

आमच्या बाई वर्गात फुत्कारायच्या. पारनेर तालुक्यातल्या आमच्या जिल्हा परिषद शाळेत इंग्रजीचा तास असाच सुरू व्हायचा. बाई एक बोट वर करायच्या आणि आम्ही तिसरीची पोरं क्रियापदाच्या शेपटाला लांबलचक "स्स्स" जोडायचो. दोन बोटं वर गेली की चिडीचूप. एकटा असेल तर एस, जास्त असले तर नाही. एकदा साप निघाला असं समजून शेळ्या राखणारी म्हातारी काठी उगारून आत घुसली. "कुठं हाय जनावर? सरका गं पोरींनू!" बाई म्हणाल्या, "बसा आजी. हे इंग्रजी आहे."

पुस्तकातला टॉम बाईंना मुळीच आवडत नसे. "कुणी पाहिलाय का ह्याला? मग आपण कशाला त्याची चौकशी करायची?" असं म्हणून त्या खिडकी उघडायच्या. रस्त्यावरून जो जाईल तो त्या दिवशीचं वाक्य. म्हैस आली, बफेलो कम्स. शेळ्या आल्या, गोट्स कम. पिवळ्या गाड्यांतून पोरं गोळा करणाऱ्या शाळा याच इंग्रजीसाठी आईबापांचे खिसे रिकामे करतात. आमच्या बाईंनी ते एका खिडकीवर भागवलं. हे मी रागानेच लिहिते आहे.

अडलं ते तात्यांपाशी. तात्या म्हणजे गावचे सरपंच. ते रस्त्यावर दिसले, बाईंनी बोट वर केलं, पण एस कुणी लावेना. "तात्या कम," एवढंच पोरं पुटपुटली.

"अरे, एकटेच आहेत ना?"

"बाई, तात्यांला एकेरी कसं म्हनायचं?" पुढच्या रांगेतला गणेश म्हणाला. "घरी मार बसंल."

बाई पोट धरून हसल्या. तेवढ्यात माझे वडील आले. नळाला पाणी सोडायचं काम त्यांचं, आणि व्हॉल्व्ह शाळेसमोरच. बाईंनी बोट वर केलं मात्र, अख्खा वर्ग एका दमात ओरडला, "किसन कम्स्स्स!" एकही पोरगं अडखळलं नाही. मी मान खाली घातली.

बाईंचं हसू गेलं. "यांना एकेरी चालतं?"

"त्यो किसन्या हाय ना बाई," गणेश म्हणाला. त्याचा काय दोष? थोरामोठ्यांपासून शेंबड्या पोरांपर्यंत सगळं गाव त्यांना किसन्याच म्हणायचं. आमची वस्ती गावाबाहेरची. तिथल्या कुणाच्याच वाट्याला गावाचं 'अहो' आलं नव्हतं.

बाई म्हणाल्या, "इंग्रजीत तात्याही कम्स, किसनही कम्स. मराठीत मात्र कुणाला अहो म्हणायचं ते आपण ठरवतो. मग नीट ठरवू. म्हणा, किसनराव येतात."

पोरं म्हणाली. हातात पाना धरून वडील खिडकीकडे बघतच राहिले.

पोरांनी ते घरोघरी नेलं आणि तात्या शाळेत आले. "बाई, तुमी इंग्रजी शिकवा. गावाची रीत शिकवू नका. आमची नातवंडं किसन्याला अहो म्हनाया लागली."

"तुम्हालाही म्हणतात की, तात्या. तुमचं काही कमी झालं का?"

"उद्यापासून आमची पोरं पिवळ्या गाडीत बसत्याल. बाकीचीबी बसत्याल. मग शिकवा भिंतीला!"

धमकी पोकळ नव्हती. पट आधीच तोकडा. आणखी पोरं गेली असती तर शाळेला कुलूपच. त्याच संध्याकाळी वडील मला घेऊन बाईंकडे गेले. "बाई, माझ्यापायी शाळा बंद पडंल. म्हनू द्या किसन्याच. मला सवय हाय."

"तुमच्यासाठी नाही करत मी, किसनराव. ही पोरं माझ्या हातून पुढं जाणार. वाकडी जीभ देऊन मी त्यांना पाठवणार नाही."

तात्यांनी नातवंडं काढली. बाई मात्र दारोदार फिरल्या, ओट्यांवर बसून आयांसमोर पोरांकडून इंग्रजी वाक्यं म्हणवून घेतली, आणि बाकीची पोरं राहिली. शाळा वाचली. उन्हाळ्यात बाईंची नेवाशाला बदली झाली. नेहमीचीच बदली, असं सांगतात. सांगू देत.

एसटी आली तेव्हा वडील गर्दीपासून लांब उभे होते. बाई सगळ्यांना ओलांडून त्यांच्यापर्यंत गेल्या. "येते, किसनराव." वडिलांनी हात जोडले.

आज मी पत्रकं लिहिते, कार्यालयांच्या दारात घोषणा देते, आणि जो शिपायाला अरे म्हणतो त्या साहेबाला माझ्याकडून अहो मिळत नाही. बाईंच्या वर्गातली बरीच पोरं अजून वडिलांना किसनकाका म्हणतात. सगळी नाही.

पण बाईंनी काय केलं होतं ते मला त्या निरोपाच्या संध्याकाळीच दिसलं. वडील घरी आले, उंबऱ्यावर टेकले आणि लग्न झाल्यापासून जिला फक्त 'ए' अशीच हाक मारली होती, त्या माझ्या आईला म्हणाले, "अहो, जरा पानी देता का?"

आई पदर सावरत लगबगीनं बाहेर आली. कोण पाहुणं आलंय ते बघायला.