खरं सांगणारा दवाखाना

दहावीच्या विज्ञानातला प्रजननाचा धडा आमच्या शाळेत माझ्याआधीचे सर "घरी वाचा" म्हणून सोडून द्यायचे. मी तो शिकवायचे. फळ्यावर अंडाशयाची आकृती काढायची, भागांना नावं द्यायची. पोरं-पोरी माना खाली घालून ती उतरवून घ्यायची. मुख्याध्यापकांनी एकदा समज दिली, पण धडा मी सोडला नाही.

त्यामुळे साताऱ्याच्या डॉक्टरीणबाई माझ्या रक्ताचा रिपोर्ट बघून "अंडाशयातला साठा फार कमी झालाय" म्हणाल्या, तेव्हा त्याचा अर्थ मला कुणी समजावून सांगायची गरज पडली नाही. मुलगी जन्माला येते ती आपली सगळी बीजं घेऊनच येते, नवीन तयार होत नाहीत, हे मीच दरवर्षी वर्गात सांगत होते. नव्वदच्या दशकाचा मध्य होता. माझी तिशी नुकती ओलांडली होती आणि लग्नाला बरीच वर्षं झाली होती.

"टेस्ट ट्यूब बेबीचा विचार करा," बाई म्हणाल्या. "पण लवकर. आणि जागा नीट बघून निवडा."

हे साताऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत टर्नर होते. घरात आम्ही दोघं आणि माझ्या सासूबाई. त्यांना मी आत्या म्हणायचे. सासरे फौजेतून पेन्शनीवर आले आणि लवकरच गेले. त्यानंतर आत्यांनी दुसऱ्याच्या उसात खुरपून मुलगा शिकवला होता. आमचं घर बौद्ध. शेजारणीनं एका देवीला खणा-नारळाचा नवस बोलायला सुचवलं, तेव्हा आत्या भांडी घासता घासता म्हणाल्या, "आमच्या सासऱ्यानं दीक्षा घेतली तवा नवस सोडलं. त्ये आता सुनंसाठी परत धरू व्हय? डाक्टर हायती की."

डॉक्टर होते, पण कुठला, हे ठरवणं सोपं नव्हतं. तेव्हा माहिती मिळायची ती पेपरातल्या जाहिरातीत, नाहीतर कुणाच्या तरी नणंदेकडून. एका जाहिरातीवरून आम्ही तिघं शेजारच्या जिल्ह्यातल्या एका केंद्रात गेलो. गुळगुळीत फरशी, भिंतभर गुटगुटीत बाळांचे फोटो. डॉक्टरांनी माझा रिपोर्ट वरवर पाहिला आणि ते ह्यांच्याशी बोलायला लागले.

"काम होणार. आमच्याकडे आलेली बाई रिकाम्या ओटीनं जात नाही."

मी विचारलं, "माझ्यासारखा रिपोर्ट असलेल्या बायका तुमच्याकडे आल्या असतील ना? त्यांतल्या किती जणींना मूल झालं?"

ते हसले. "बाई शिक्षिका दिसतायत. परीक्षा घ्यायची सवय." मग परत ह्यांच्याकडे वळून म्हणाले, "याच पाळीपासून इंजेक्शनं सुरू करू. बाईंना फार विचार करू देऊ नका."

मी उठले आणि "आम्ही कळवतो" म्हणाले.

परतीच्या एसटीत आत्या खिडकीकडे तोंड करून बसल्या होत्या. कराड मागे पडल्यावर बोलल्या. "एवढा मोठा डाक्टर व्हईल म्हणतोय, आन तू त्येलाच सवाल करतीस. दुसरी असती तर पाया पडली असती."

"त्यांनी रिपोर्ट वाचलाच नाही, आत्या."

"त्येला वाचायला कशाला लागतंय? रोजचंच काम हाय त्येचं."

हे मधल्या सीटवर होते. ते म्हणाले, "टोचून तिला घ्यायचंय, आई. तिला पटलं न्हाई, तर न्हाई जायचं." ह्यांचा स्वभाव मूळचा अबोल. त्या दिवशी एवढंच बोलले, पण मला तेवढं पुरलं.

आत्या मात्र नंतर कितीतरी दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलत होत्या. त्यांचंही चुकत नव्हतं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी त्यांना "होणार" असं म्हटलं होतं आणि मी ते उठून नाकारलं होतं. मलाही वर्गात तास घेताना मध्येच वाटायचं, आपण आखडूपणा तर केला नाही ना?

दिवाळीच्या सुट्टीत माहेरी, सांगलीजवळ माधवनगरला गेले. वडील तिथल्या सूतगिरणीतून निवृत्त झालेले. धाकटी बहीण जवळच कुपवाडला राहायची. तिचा नवरा तिथल्या फाउंड्रीत, आणि पदरात दोन मुलं. तिची दोन्ही बाळंतपणं सांगलीतल्या एका वयस्क डॉक्टरीणबाईंकडे झाली होती. मला स्कूटीवर मागे बसवून ती त्यांच्याकडे घेऊन गेली.

बाईंनी रिपोर्ट दोनदा वाचला. "एका रिपोर्टवर ठरवायचं नाही. पुढच्या पाळीच्या सुरुवातीला परत रक्त तपासू, सोनोग्राफी करू." दुसरा रिपोर्टही तसाच आला. तेव्हा त्यांनी खुर्ची माझ्याजवळ ओढली.

"साठा कमी म्हणजे संपला असं नव्हे. वय अजून तुमच्या बाजूनं आहे, वेळ मात्र नाही. आणि हे काम मी करत नाही. त्याला लागणारी प्रयोगशाळा माझ्याकडे नाही."

"मग जागा कशी निवडू?"

"डॉक्टर किती गोड बोलतो ते बघू नका. प्रयोगशाळा कोण सांभाळतं ते बघा. औषधाचा डोस तुमच्या अंगाप्रमाणे ठरवतात की सगळ्यांना एकच, ते विचारा. आणि नाही झालं तर पुढे काय, हे आधी विचारा. त्याचं उत्तर ज्याच्याकडे नसेल, तिथे बसू नका."

बाहेर आल्यावर बहीण म्हणाली, "तायडे, तू तिकडं असलंच विचारलंवतंस की." मला एकदम ताठ उभं राहिल्यासारखं वाटलं. आखडूपणा नव्हता तो.

बाईंनी पुण्यातल्या एका डॉक्टरांचं नाव दिलं. आम्ही दोघंच जाणार होतो, पण सकाळी आत्या इरकल नेसून, पिशवी घेऊन दारात तयार उभ्या होत्या. ह्यांनी त्यांची पिशवी हातात घेतली.

पुण्याचा दवाखाना एका जुन्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर होता. डॉक्टर मध्यमवयीन, आवाज हळू. दोन्ही रिपोर्ट त्यांनी शेजारी शेजारी ठेवून वाचले आणि बोलले माझ्याशी. मी तोच प्रश्न विचारला.

"तुमच्यासारख्या फार थोड्या आल्या माझ्याकडे," ते म्हणाले. "बहुतेकींना यश आलं नाही. एकदोघींना मूल झालं. तुम्हाला खोटी आशा देण्यात माझा फायदा असेल, तुमचा नाही."

"नाही झालं तर पुढे काय?"

"एकदा मनापासून प्रयत्न करू. बीजं मिळालीच नाहीत किंवा गर्भ टिकला नाही, तर तेच पुन्हा करा असं मी म्हणणार नाही. मग दुसरे रस्ते आहेत, त्यावर बोलू. घाई नाही."

प्रयोगशाळा सांभाळणाऱ्या एक बाई होत्या. त्यांनी काचेच्या दारातून आम्हाला आतली यंत्रं दाखवली, स्त्रीबीज आणि शुक्रजंतू कुठे एकत्र ठेवतात, ऊब कशी राखतात, ते सांगितलं. हे टर्नर माणूस. ऊब अर्ध्या अंशानंही ढळू नये म्हणून काय करतात, ते विचारत बसले.

आम्ही उठणार तेवढ्यात आत्या डॉक्टरांना म्हणाल्या, "आवं डाक्टर, बाळाचं झालं सगळं इचारून. माझ्या पोरीच्या जिवाला काय धोका हाय का, ते सांगा आदी."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. इंजेक्शनांनी काय होऊ शकतं, बीजं काढताना काय होऊ शकतं, भूल कशी देतात, सगळं त्यांनी आत्यांना मराठीत, न कंटाळता सांगितलं. मी शेजारी बसून ऐकत होते. मी जे जे विचारायचं ठरवून आले होते, त्यात हा प्रश्न नव्हता.

जिना उतरताना आत्या म्हणाल्या, "ह्योच बरा. व्हईल म्हणत न्हाई, पण खरं बोलतोय." मग माझा हात धरून, "तवा मी तुला बोलले त्ये इसर."

मी बिनपगारी रजा घेऊन माधवनगरला राहिले. पुण्याच्या डॉक्टरांनी रोज इकडे या असा हट्ट धरला नाही. सोनोग्राफी सांगलीच्या बाई करायच्या आणि फोनवर त्यांना कळवायच्या, त्याप्रमाणे डोस बदलायचा. औषधं थर्मासमध्ये बर्फ घालून पुण्याहून आणली होती. इंजेक्शन द्यायला बहिणीच्या ओळखीची नर्स घरी यायची. पोट दुखायचं, डोकं जड व्हायचं. वडील रेडिओचा आवाज बारीक करून बाहेरच्या खोलीत बसायचे.

शेवटी पुण्यात बीजं मिळाली दोनच. त्यांतल्या एकाचा गर्भ झाला. तो पोटात ठेवताना प्रयोगशाळेतल्या बाईंनी पडद्यावर दाखवला, आणि इतक्या वर्षांनी पहिल्यांदाच मला माझं स्वतःचं शरीर काहीतरी करतंय असं वाटलं. तो टिकला नाही. पाळी आली तेव्हा मी रजा संपवून साताऱ्याला, शाळेत परतले होते. उरलेले दोन तास घेतले आणि घरी जाऊन आत्यांच्या मांडीवर डोकं ठेवलं. त्या केसांतून हात फिरवत राहिल्या.

डॉक्टरांनी शब्द पाळला. "परत एकदा करू" ते म्हणाले नाहीत. मूल दत्तक घेणं, दुसऱ्या बाईचं बीज घेणं, किंवा इथेच थांबणं, तिन्ही गोष्टी त्यांनी सारख्याच आवाजात सांगितल्या आणि आम्हाला घरी पाठवलं.

बहिणीला मी हे सगळं सांगितलं ते केवळ तिला सगळंच सांगत आले म्हणून. ती कपडे वाळत घालत होती. चिमटा तोंडात धरूनच म्हणाली, "माझं घे की."

मला कळलं नाही.

"बी गं. माझं घे. माझी दोन झालीत, मला आणखी नकोत. त्यांना विचारते मी." तिनं नवऱ्याला विचारलं. त्या भल्या माणसानं पहिल्यांदा विचारलं की तिला किती दुखेल, आणि मग "करा" म्हणाला.

आत्यांना सांगायची मला धास्ती होती. ह्यांनीच सांगितलं. आत्यांनी ज्वारी निवडायचं थांबवलं नाही. "वाढवणार कुणाच्या पोटात?"

"हिच्याच."

"मग? बी मावशीचं, पोट आईचं. माझी कसली हरकत."

पुण्यात डॉक्टरांनी आम्हाला बाहेर बसवलं आणि बहिणीला एकटीलाच आत बोलावलं. तिच्यावर कुणाचा दबाव आहे का, मागाहून मन बदललं तर सांगता येईल का, घरचे काय म्हणतात, हे सगळं त्यांनी तिला विचारलं. बाहेर आली ती हसत. "बहिणीनं मागितलं का, असं विचारत होते. म्हटलं, तिनं न्हाई मागितलं, मीच पदरात टाकलंय." आपण योग्य ठिकाणी आलो, याची मला त्या बाकावर पुरती खात्री पटली. माझ्यासाठी आलेल्या बाईचीही तिथे माझ्याइतकीच काळजी घेतली जात होती.

पहिल्याच खेपेला राहिलं. सातव्या महिन्यापर्यंत मी शाळेत जात होते, वाढलेल्या पोटानिशी फळ्यापुढे उभी. तो धडा त्या वर्षीही घेतला. पुढच्या बाकावरच्या मुलीनं विचारलं, "बाई, बीज दुसरीकडून आणता येतं का?" मी म्हटलं, "येतं," आणि कसं ते सांगितलं.

मुलगी सांगलीला झाली, त्याच वयस्क बाईंच्या हातून. बहीण बाहेर व्हरांड्यात होती. बाळ पहिल्यांदा तिच्याकडे दिलं, ते तिनं नीट न्याहाळलं आणि आत्यांच्या हातात ठेवलं. "घ्या तुमची नात."

साताऱ्यात बाळ बघायला बायका आल्या. एकीनं विचारलं, "नाक कुणाचं गं हे? आईचं न्हाई, बापाचं न्हाई." आत्या दुपट्याचं टोक सारखं करत म्हणाल्या, "मावशीचं. मावशीनंच बी दिलंय. माझ्या सुनंला कमी व्हतं." तिथल्याच एका म्हाताऱ्या बाईनं बाळाच्या तळव्याला बोट लावलं आणि म्हणाली, "बहीण असावी तर अशी."

आम्ही ते पुढेही कधी लपवलं नाही. लेक चौथी-पाचवीत असताना मी तिला सगळं सांगितलं. पुणं, सांगली, थर्मासमधला बर्फ, मावशीचा तोंडातला चिमटा. तिनं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग मी मावशीला काय म्हणायचं?"

"मावशीच."

"बरं," म्हणाली आणि खेळायला गेली.

त्या सुट्टीत कुपवाडला गेल्यावर ती धावत जाऊन मावशीच्या कमरेला मिठी मारून उभी राहिली. बहिणीच्या हाताला पीठ लागलेलं होतं. तिनं कोपरानंच पोरीला जवळ दाबून धरलं आणि मला म्हणाली, "काय खाती ही? लय उंच झालीया."