गाभोळीच्या चिंबोऱ्या

खाडीचा गुन्हेगार कोणत्या न्यायालयात उभा करावा, हे तुम्ही सांगू शकाल काय? नव्वदच्या दशकात आम्हांला हा प्रश्न पडला. उत्तर शोधता शोधता किस्सेच साचत गेले. ओहोटीनंतरच्या चिखलासारखे: मुद्दाम कोणी आणत नाही, पण पायाला लागून घरापर्यंत येतात.

मी मूळचा साताऱ्याकडचा. बेलापूरजवळच्या एका खाडीकाठच्या गावात शिक्षक म्हणून आलो. गावाची शेते नव्या शहराखाली गेली होती. उरली होती ती खाडी. ती राखणारी मंडळी संध्याकाळी जेट्टीवर बसत. त्यांनी मला पंच नेमले. मी म्हणालो, "मी माळकरी. मासळीला शिवत नाही."

वृद्ध धर्माकाका म्हणाले, "म्हनूनच तर, मास्तर! मांजराला कोन पंच करतो?"

*

गावाचा एक नियम कडक. चिंबोरी म्हणजे खेकडा. पोटाखाली गाभोळी, म्हणजे अंडी, असलेली चिंबोरी जाळ्यात आली की हात जोडून परत पाण्यात सोडायची. ती विकली, तर पुढच्या वर्षी पाटीत काय येणार?

एकदा कचेरीतले एक साहेब जेट्टीवरच खरेदीला आले. मासळी विकणाऱ्या हिराबाईने सर्वांत मोठी चिंबोरी उलटून पाहिली आणि पाण्यात सोडली. साहेब ओरडले, "अहो बाई, मला तीच हवी होती!"

हिराबाई शांतपणे म्हणाली, "साहेब, पोटुशी हाय ती. तुमच्या घरातल्या दोन जिवांच्या बाईला कुनी बाजारात बसवलं, तर चालंल?"

साहेब बोय मासे घेऊन गेले.

*

तिवरांच्या झाडीत भराव टाकायला एक डंपर आला. धर्माकाका जाळे घेऊन वाटेच्या मधोमध बसले आणि शिवू लागले. ड्रायव्हरने हॉर्न वाजवला. "चाचा, कितना टाइम?"

"जाळं फाटलंय रे बाबा. शिवलं का उठतो."

तासाभराने ड्रायव्हरने पुन्हा विचारले. काका म्हणाले, "जाळं मोठं हाय. तू जेवलास का?"

डंपर भरलेलाच परतला!

*

तरीही हिराबाईची पाटी दिवसेंदिवस हलकी होऊ लागली. मला चैन पडेना. डंपर अडवता येतो. पण आतून पोखरणारा दिसत नाही. मी सुचवले, "नियमाचा फलक लावू या."

काका खिन्नपणे म्हणाले, "लावा, मास्तर. चिंबोरी वाचील. आमचा बाळाराम वाचायचा नाय."

बाळाराम त्यांचा थोरला मुलगा. गाभोळीच्या चिंबोऱ्या तो एका हॉटेलला विकत होता, हे बापाने स्वतःच्या तोंडाने सांगितले.

*

बाळाराम बैठकीत हसतच आला. "दंड सांगा, आत्ता टाकतो. उगा टेन्शन कशाला?"

मी दंड सांगणार, तोच हिराबाई उठली. "पैशानं खाडी भरत नाय, मास्तर. ह्येचा न्याय आमी बाया करतो."

दुसऱ्या दिवशी बायकांनी हॉटेलच्या दारात पाट्यांसह बसकण मारली. मालकाने बाळारामचा माल बंद केला. त्याची उरलेली मासळीही गावातली एकही बाई विकेना. आमच्याकडे पुरुष पकडतो, बाई विकते. पुरुष पाटी उचलत नाही. बाळारामने बायकोकडे पाहिले. कमळ म्हणाली, "तुमची पाटी तुमी उचला."

शेवटी तो बाजारात बायकांच्या रांगेत, हिराबाईशेजारी, डोक्यावरून टॉवेल ओढून बसला. एका गिऱ्हाइकाने वाकून विचारले, "ओ मावशी, चिंबोऱ्या कशा दिल्या?"

सगळी रांग हसली! त्याने टॉवेल आणखी खाली ओढला.

इतक्यात कमळ आली. त्याच्यासमोर थांबली. त्याच्या पाटीतली एक चिंबोरी उलटून तिचे पोट पाहिले. गाभोळी नव्हती. तरी खाली ठेवली आणि हिराबाईकडे वळली.

"काकी, घरी कालवन करायचं हाय. तुज्याकडची दे."