थिनरचा रिकामा डबा

मुलांनो, परवा थिनरचा रिकामा डबा मागणाऱ्या रंगाऱ्यावर मी ओरडले, ते तुम्ही फोनवर ऐकलंत. म्हणून हे लिहिते.

साठ वर्षांपूर्वी मुळशीला तुमचे आजोबा पुलाच्या रंगकामाचा माल सांभाळत. थिनरच्या डब्यावरची इंग्रजी सूचना मी कामगारांना मराठीत सांगे: विडी लांब ठेवा, झाकण घट्ट लावा. आमच्याकडे भांडी घासणाऱ्या हौसाला पाणी तापवायला डबा हवा होता.

"बाई, ह्यो रिकामा हाय. का ह्योबी वाचून दावताय?"

मी हसले आणि दिला.

वास जावा म्हणून तिने तो कोरडाच चुलीवर ठेवला. आतल्या वाफेचा भडका उडाला. हौसा तिसऱ्या दिवशी गेली.

सूचनेची शेवटची ओळ रिकाम्या डब्याबद्दलच होती. तिथपर्यंत मी कधी वाचलंच नव्हतं.

हौसाची लेक यमुना मुळशीतच आहे. दर दिवाळीला मला मावशी म्हणून फोन करते. डबा मी दिला होता, हे तिला अजून सांगितलेलं नाही.