न धुतलेला अंगठा

बायकोलासुद्धा कधी सांगितलं नाही ते लिहितो: त्या आजीचे अंगठे मी पाणी येण्याआधीच घेतले होते.

जिल्हा नुकताच वेगळा झाला होता आणि पाठोपाठ दुष्काळ आला. आमच्या खात्याला कचेरी मिळाली, पाटी मिळाली, मंत्र्यांच्या हस्ते लावायला अशोकाची रोपंही मिळाली. टँकर मात्र एकच. मी नवा कारकून. रेणापूरकडच्या एका गावातल्या बौद्ध वस्तीला पाणी पाठवायचं आणि पोचल्याचा अंगठा रजिस्टरवर आणायचा, हे माझं काम. सगळेच अंगठे आगाऊ घेत. दर खेपेला कोण जाणार?

वस्तीतल्या त्या आजीनं सगळ्यांच्या वतीनं पाच खेपांचे पाच अंगठे एकदम दिले. आमच्या घरचं कुणी त्या वस्तीत बसत नसे. मी तिच्या ओट्यावर बसलो, चहा घेतला. तेवढ्यावर तिचा विश्वास बसला.

"पाचबी येतेत न्हवं, बाबा?"

"शाई लागली आजी, आता येणारच."

"मग लवकर धाड. शाई धुवायलाबी पानी लागतंय की रं!"

सगळे हसले. मीही.

त्याच आठवड्यात मंत्र्यांचा दौरा ठरला. साहेब म्हणाले, "रोपं वाळली तर नव्या जिल्ह्याची लाज जाईल." पाचही खेपा मी रोपांना घातल्या. वस्ती काही दौऱ्याच्या रस्त्यावर नव्हती. मंत्री आले आणि त्या हिरव्या रोपांसमोर पाणीटंचाईवर फार कळवळून बोलले.

मग आजी नातीनं लिहिलेला अर्ज घेऊन कचेरीत आली. पाणी आलंच नाही. वस्तीतल्या बायका वरच्या गल्लीतल्या आडाजवळ उभ्या राहतात, कुणी वरून ओतलं तर घागर भरते, असं त्यात होतं.

साहेबांनी रजिस्टर उघडलं. "अंगठा तुझाच ना?"

"माझाच."

"मग पाणी आलं."

तिनं अंगठा पुढं केला. रेषांत शाई तशीच होती. "आलं असतं तर धुतला नसता व्हय, सायेब?"

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "आलं होतं."

अर्जावर 'तथ्य नाही' हा शेरा माझ्या अक्षरात आहे. जाताना ती एवढंच म्हणाली, "ओट्यावर बसला होतास रं तू."

रोपांतलं एकच जगलं. मी बढतीवर नांदेडला आलो. आजी गेली. नात बिलोलीला शिक्षिका आहे. तिच्या अर्जातलं अक्षर न् अक्षर खरं होतं, हे माझ्या सहीनिशी तिला लिहून देणं माझ्याकडे राहिलं आहे.